बंद कॅमेऱ्याले आपण काऊन भेतो

आमच्या गावच्या चौकात दोन वर्षांआधी खांबावर कॅमेरा लागला. चोऱ्या होऊ नये म्हणून लावला, चांगलीच गोष्ट, कोणी विरोध केला नाही. पण खांबाच्या बरोब्बर खाली पानठेला आहे आणि गावाचं खरं कामकाज संध्याकाळी सहा ते नऊ तिथेच चालते, म्हणजे कापसाचा भाव, कोणाच्या पोट्ट्याचं लग्न जमलं, पीकविम्याचे पैसे कोणाले भेटले कोणाले नाही, आणि मग हळूहळू सरपंचापासून दिल्लीपर्यंत सगळ्यांची बिनपाण्यानं हजामत. कॅमेरा लागला आणि आठ-दहा दिवसांत ही बैठक उठून सोसायटीच्या गोदामामागे गेली. कोणी ठराव घेतला नाही, कोणी कोणाला सांगितलं नाही, आपोआपच. ठेलेवाला बिचारा वैतागला, त्याचा खर्रा खपेना.

मजा अशी की तो कॅमेरा पहिल्याच पावसाळ्यात बंद पडला होता. माकडांनी वायर तोडली, ती खांबावरून लोंबत राहिली, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसत होती. तरी बैठक परत आली नाही. मी एकाला विचारलं, "काऊन गा, बंद आहे ना तो?" तर म्हणे, "हाव, बंद तं आहे, पण कोणं सांगावं."

आता माझं कृषी केंद्राचं दुकान आहे पण शिक्षण इतिहासात एम.ए. झालेलं, त्यामुळे अभ्यासिकेतली एमपीएससीवाली पोट्टी कधीमधी डोकं खायला येतात. त्यातल्या एकानं विचारलं की काका, हुकूमशाही हुकूमशाही म्हणतात पण एवढ्या करोडो लोकांवर नजर ठेवणार तरी कशी, एवढे पोलीस आणणार कुठून? प्रश्न एकदम बरोबर आहे. उत्तर त्या "कोणं सांगावं" मध्ये आहे, तेच जरा उलगडून सांगतो, लेख लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक गैरसमज काढून टाकू. बरेच जण म्हणतात की गावात तसंही सगळ्यांना सगळं माहीत असते, कोणाच्या घरी आज कोंबडी शिजली हेसुद्धा, मग सरकारनं पाहिलं तर काय फरक पडते. फरक पडते भाऊ, आणि मोठा पडते. गावातली नजर दोन्हीकडून असते. शेजारीण माझ्या घरात डोकावते तर तिच्या घरचं भांडण मलाही ऐकू येते, ती माझी निंदा करते मी तिची करतो, हिशोब बरोबर. आणि त्या निंदेच्या शेवटी जेल नसते, फार झालं तर लग्नात कोणी तोंड फिरवते. दडपशाहीतली नजर एकाच बाजूनं असते. तो पाहते, तुम्हाला तो दिसत नाही, त्यानं काय लिहून ठेवलं ते कळत नाही, आणि ते चूक असलं तर सांगायला जागा नाही. गावच्या कुचाळक्यांवर मीही वैतागतो पण या दोन गोष्टी एका तराजूत टाकू नका.

ही एका बाजूची नजर किती स्वस्तात काम करते हे इंग्लंडच्या जेरेमी बेंथम नावाच्या विचारवंतानं 1780 च्या दशकातच ओळखलं होतं. त्यानं एका जेलची कल्पना मांडली, गोल इमारत, कडेनं कोठड्या, मधोमध टॉवर. टॉवरमधल्या पहारेकऱ्याला सगळे कैदी दिसतात पण कैद्यांना तो दिसत नाही, त्यामुळे तो तिथं बसला आहे की जेवायला गेला आहे हे कधीच कळत नाही. मग कैदी काय करते? तो चोवीस तास आहेच असं धरून वागते, म्हणजे स्वतःवर पहारा स्वतःच देते. एका माणसाच्या पगारात शेकडो पहारेकरी, आणि तेही कैद्यांमधलेच.

अंदमानचं सेल्युलर जेल आपल्याला सावरकरांमुळे माहीत आहे, ते 1906 साली बांधून पूर्ण झालं. मध्ये टॉवर आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात इमारती. बेंथमच्या नकाशाची हुबेहूब नक्कल नाही ती, पण त्यात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. एका इमारतीच्या कोठड्यांची तोंडं दुसऱ्या इमारतीच्या पाठीकडे केली होती, म्हणजे समोरच्या कैद्याचं तोंडही दिसू नये. वरून सगळे दिसले पाहिजे आणि एकमेकांना कोणीच दिसलं नाही पाहिजे, पुढं जे काही सांगणार आहे त्या सगळ्यात हीच दोन कामं वेगवेगळ्या रूपात येत राहतील. पहिलं काम सगळ्यांना समजते. दुसरं जास्त वाईट आहे असं माझं मत.

दगडाच्या जेलात हे सोपं आहे, पण अख्ख्या देशाचं जेल करायचं तर भिंती कुठून आणणार? तर भिंती माणसांच्याच करायच्या. याचा सगळ्यात पक्का नमुना म्हणजे पूर्व जर्मनी. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन तुकडे झाले, पूर्वेकडच्या तुकड्यात कम्युनिस्ट पक्षाचं राज्य आलं आणि 1950 मध्ये त्यांनी एक गुप्त पोलीस खातं काढलं, लोकांच्या तोंडी त्याचं नाव श्टाझी. 1989 मध्ये राज्य कोसळलं तेव्हा त्याची पगारी माणसं होती साधारण 91,000, आणि त्याशिवाय सुमारे 1,89,000 खबरे, जे दिवसा आपापली साधी कामं करत, कोणी मास्तर कोणी डॉक्टर कोणी कारखान्यातला फिटर, आणि मधूनमधून एका साहेबाला भेटून कोण काय बोललं ते सांगत. देशाची लोकसंख्या होती साधारण 1 कोटी 64 लाख.

मोठे आकडे डोक्यात राहत नाहीत, म्हणून ते आपल्या गावावर लावून पाहू. आमचं गाव 1,800 वस्तीचं. त्या हिशोबानं गावात दहा पगारी माणसं आणि वीस खबरे. (हिशोब सरसकट आहे, काही ठिकाणी कमी असतील काही ठिकाणी जास्त.) आता हे वीस कुठं बसवाल तुम्ही? मी बसवून पाहिले. भजन मंडळात एक, महिला बचत गटांत दोन-तीन, दूध संकलनावर एक, शाळेत एक, क्रिकेटच्या टीममध्ये एक, आशाताईंच्या मीटिंगमध्ये एक, चक्कीवर एक, आणि पानठेल्यावर तर नक्कीच. वीस संपायच्या आत गावातली अशी एकही जागा उरली नाही जिथं चार लोक बसतात आणि त्यात खबऱ्या नाही. आणि तुम्हाला फक्त एवढंच माहीत आहे की आहेत. कोण आहेत ते माहीत नाही.

मग तुम्ही काय कराल? वीस जणांपासून सावध राहाल का? नाही ना राहता येत, कारण ते वीस कोणते हेच माहीत नाही, म्हणून अठराशेच्या अठराशे लोकांपासून सावध राहाल. खबरे वीस असले तरी संशय सगळ्यांवर, आणि हा जो गुणाकार आहे तो सरकारला फुकटात भेटते. उलट खबरे कोण आहेत हे जर सगळ्यांना कळलं तर यंत्रणा त्याच दिवशी निम्मी निकामी होईल, लोक त्यांच्यासमोर कपाशीवरच्या अळीबद्दल बोलतील आणि ते गेले की बाकीचं.

हे खबरे सगळे राक्षस होते असंही नाही. काही जणांना खरंच वाटायचं की आपण देशाचं काम करून राहिलो. काहींना घर पाहिजे होतं, बढती पाहिजे होती, परदेशी जायची परवानगी पाहिजे होती. काहींची एखादी भानगड खात्याच्या हातात सापडली होती, मग सांगशील की भोगशील असा सवाल. आणि काहींना कोणीतरी आपलं बोलणं मन लावून ऐकते, वहीत लिहून घेते, याचंच अप्रूप होतं. हे शेवटचं वाचून हसू येईल, पण ज्याला घरात कोणी विचारत नाही असा माणूस प्रत्येक गावात असते.

ते जमा काय करायचे? सगळंच. पत्रं वाफेवर उघडून वाचायचे आणि परत चिकटवून पाठवायचे. संशयिताला खुर्चीवर बसवायचे, खाली फडकं ठेवलेलं असायचं, त्या फडक्यात त्याच्या घामाचा वास उतरला की ते काचेच्या बरणीत झाकण लावून ठेवायचे, लोणचं ठेवतो तसं, म्हणजे उद्या कुठं पत्रक सापडलं तर कुत्र्याला वास देऊन माणूस ओळखता यावा. सगळे कागद मिळून 111 किलोमीटर लांबीची कपाटं भरली. वर्ध्याहून निघून नागपूर गाठा आणि अर्ध्या वाटेनं परत या, तेवढे कागद.

1970 च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं की लोकांना धडाधड जेलात टाकलं तर जगात नाव खराब होते, माणसाचे हक्क पाळू असं वचन देणाऱ्या 1975 च्या हेलसिंकी करारावर त्यांनीही सही केली होती. मग 1976 च्या जानेवारीत एक अंतर्गत सूचना निघाली, तिच्यातल्या जर्मन शब्दाचा अर्थ साधारण कुजवणे, विघटन करणे असा होते. माणसाला अटक करायची नाही, त्याचं आयुष्य आतून कुजवायचं. तो घरी नसताना घरात शिरून फोटोची जागा बदलायची, घड्याळाचा गजर भलत्याच वेळेला लावायचा, बायकोला निनावी पत्र पाठवायचं, ऑफिसात अफवा सोडायची, आणि विशेष म्हणजे हाच खबऱ्या आहे असं त्याच्याच मित्रांत पसरवायचं. तो माणूस सांगायला गेला की माझ्या घरातलं घड्याळ कोणीतरी फिरवलं तर लोक म्हणतील याचं डोकं फिरलं. मारलं नाही, पकडलं नाही, वळ कुठंच नाही. मला विचाराल तर जेलापेक्षा हे भयंकर, जेलातून आलेल्या माणसाला निदान लोक हार तरी घालतात.

पूर्व जर्मनीसारखं एवढं मोठं खातं असलंच पाहिजे असंही नाही बरं का. त्याच्याआधी हिटलरचं गेस्टापो हे गुप्त पोलीस खातं होतं, सिनेमात पाहून वाटते की चौकाचौकात उभे असतील, पण देशाच्या मानानं त्यांची माणसं कमीच होती. इतिहासकारांनी त्यांच्या उरलेल्या फायली तपासल्या तेव्हा दिसलं की पुष्कळ केसेस पोलिसांनी शोधून काढलेल्या नव्हत्याच, साध्या लोकांनी येऊन सांगितलेल्या होत्या. शेजाऱ्यानं शेजाऱ्याबद्दल, भाडेकरूनं घरमालकाबद्दल, कधी नवऱ्याबद्दल बायकोनं. आणि कारण प्रत्येक वेळी हिटलरवरचं प्रेम नसायचं, जुनं भांडण असायचं.

हे आपल्याकडच्या माणसाला फोडून सांगायची गरज नाही. धुऱ्याचं, म्हणजे वावराच्या बांधाचं भांडण काय असते ते आपल्याला माहीत आहे. एक फूट धुऱ्यापायी तीन पिढ्या कोर्टात जातात. आता समजा उद्या असा कायदा आला की शेजाऱ्याबद्दल एक चिठ्ठी टाकली की तो रात्रीतून गायब, पुरावा लागत नाही, नाव सांगावं लागत नाही. किती चिठ्ठ्या पडतील गावात? मला तर वाटते पेटी पुरणार नाही. दडपशाही आपल्यातली घाण नव्यानं तयार करत नाही, ती आधीच असते, तिला फक्त बंदूक देते.

आपल्या गडचिरोलीनं हे अंगावर घेतलं आहे. 1980 च्या सुमारास तिकडं नक्षल्यांची दलमं, म्हणजे बंदूकधारी टोळ्या आल्या आणि नंतर कित्येक वर्षं जंगलातल्या गावांना दोन-दोन राज्यं होती, दिवसाचं एक रात्रीचं एक. रात्री दलमवाले येऊन जेवण मागणार, बंदुकीपुढे नाही म्हणता येत नाही. सकाळी पोलीस येऊन विचारणार रात्री कोणाच्या घरी चूल पेटली होती. सांगितलं तर खबऱ्या, नाही सांगितलं तर समर्थक. पोलिसांचा खबऱ्या म्हणून ठरवून नक्षल्यांनी मारलेल्या माणसांची यादी लांब आहे, त्यात बहुतेक गरीब आदिवासी. खबऱ्या हा शब्द तिकडं शिवी नव्हती, ती मरणाची शिक्षा होती, आणि ती सुनावायला नुसता संशय पुरत होता. माझा एक ओळखीचा तिकडं बियाणं विकायला फिरायचा, तो सांगे की अनोळखी माणसाला तिकडचे लोक रस्तासुद्धा सरळ सांगत नसत, "मले नाई माहीत" एवढंच, मग तो रस्ता त्याच्याच दारापुढून का जाईना. शहरातले लोक म्हणत किती अबोल आहेत हे लोक. अबोल नव्हते ते. त्यांना बोलण्याची किंमत माहीत होती. आता तिकडची परिस्थिती पुष्कळ बदलली, पण तोंड उघडायला जरा वेळ लागते.

आता घरची गोष्ट सांगतो. माझे बाबा आणीबाणीच्या काळात शाळेत मास्तर होते, नोकरीला चार-पाच वर्षं झाली असतील. 25 जून 1975 ला आणीबाणी लागली, 21 मार्च 1977 ला उठली. देशभरात लाखावर लोक विनाखटला जेलात होते, पेपरवर सेन्सॉर होतं. पण बाबांच्या आठवणीत आणीबाणी म्हणजे जेल नव्हती, "केस" होती. केस म्हणजे नसबंदीसाठी तयार केलेला माणूस. 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांच्या वर नसबंद्या झाल्या, आणि आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयकच 1976 मध्ये पास केलं होतं, राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. मास्तरांना टार्गेट होतं. इतक्या केसेस आणा, नाहीतर पगार थांबेल, आणि बाबांचा थांबला.

पण त्याच्या पुढचं ऐका. बाबा सांगत की त्याआधी गावात गेलं की लोक खाट टाकत, "या गुरुजी" म्हणून चहा ठेवत. त्या वर्षी ते सायकलवर दिसले की बाया दार ओढून घेत आणि माणसं मागच्या दारानं वावरात. जीपचा आवाज आला की तर गाव रिकामं, रात्री-रात्री जागलीच्या मचाणावर झोपत लोक, राखण करायला काही नसताना. बाबा काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी कोणावर जबरदस्ती केली नाही असं ते म्हणत, मी कधी जास्त खोदून विचारलं नाही. पण एका टार्गेटनं त्यांना गुरुजीचं सरकारी माणूस करून टाकलं, आणि ते स्वतःही तेवढेच भीत होते, वरच्या साहेबाला. साहेब त्याच्या वरच्याला. भीतीची अशी उतरंड असते, प्रत्येक मडक्यावर वरच्याचं ओझं.

टार्गेट ही गोष्ट साधी वाटते पण जुलमी राज्यात तिच्याइतकं जीवघेणं काही नाही. स्टालिनच्या रशियात 30 जुलै 1937 ला गुप्त पोलिसांचा एक आदेश निघाला, त्यात प्रत्येक प्रदेशाला कोटा ठरवून दिला होता, इतक्यांना गोळ्या घाला, इतक्यांना छावणीत पाठवा. नावं नाहीत, गुन्हे नाहीत, नुसते आकडे. खालच्या अधिकाऱ्यांनी काय केलं? कोटा तर भरलाच वर वाढवून मागितला, कारण कमी पडला तर आपलंच नाव यादीत जाईल. 1937 आणि 38 या दोन वर्षांत तिथं 6,80,000 च्या वर माणसं गोळ्या घालून मारली गेली. ज्या देशात आधी आकडा ठरते आणि मग माणूस शोधतात तिथं निर्दोष असणं काही कामाचं नाही, आणि हेच लोकांच्या डोक्यात बसते. नियम पाळला की वाचू असंही नसल्यावर माणूस एकच करते, कोणाच्या डोळ्यात येऊ नये असं जगते.

आणीबाणीत आमच्या वर्धेच्या बाजूला पवनारला विनोबा होते, त्यांचा "अनुशासन पर्व", म्हणजे शिस्तीचा काळ, हा शब्द सरकारनं भिंती-भिंतीवर रंगवला. आणि 1976 मध्ये त्यांच्याच आश्रमातून निघणाऱ्या मासिकाचे अंक पोलिसांनी जप्त केले, कारण गोहत्याबंदीसाठी उपोषण करणार अशी विनोबांची घोषणा त्यात छापली होती. ज्याचा शब्द भिंतीवर चालते त्याचाच शब्द कागदावर चालत नाही, यावर जास्त काय बोलावं.

बातमी बंद केली की अफवा सुरू होते हेही आपल्याकडं जुनं आहे. 16 ऑगस्ट 1942 ला चिमूरला उठाव झाला, मग सैन्य आलं आणि गावावर, खासकरून बायांवर अत्याचार झाले. गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक भन्साळी चौकशीच्या मागणीसाठी 63 दिवस उपाशी राहिले, तर त्या उपोषणाची बातमीही छापू देत नव्हते. आजी सांगायची की चिमूरची खबर बाजारात येणाऱ्या बायांच्या तोंडून फिरे, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जाता जाता ती वाढत जाई. इंग्रजांना वाटलं बातमी दाबली. ती दाबली नाही, नुसती हिशोबाबाहेर गेली.

आणि इंग्रजांचा विषय निघालाच आहे तर ज्यांच्यासाठी ही नजर कधी सुटलीच नाही त्यांच्याबद्दल बोललं पाहिजे. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. काही जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार. काही केलं म्हणून नाही, जन्माला आले म्हणून. ठरल्या वेळी हजेरी द्यायची, दुसऱ्या गावाला जायचं तर पास काढायचा, मग ते लग्न असो की मयत. 1911 च्या कायद्यानं बोटांचे ठसेही घेणं सुरू झालं. 31 ऑगस्ट 1952 ला या जमाती विमुक्त झाल्या, म्हणजे इंग्रज गेल्यावर पाच वर्षांनी. पण आजही तालुक्यात कुठं चोरी झाली की गाडी पहिली पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर जाते हे मी तुम्हाला सांगायला नको. आणि इथं आपण गाववाले टॉवरमध्ये बसलेलो असतो, हे कबूल करायला जीभ जड होते. आमच्या गावाबाहेर बेडा आहे, तिथला एक पोरगा माझ्या दुकानात आला की दोन्ही हात काउंटरवर दिसतील असे ठेवून उभा राहते. त्याला कोणी शिकवलं नाही. त्याच्या बापाला पाहून शिकला.

आता एक उलटी बाजू, आणि ही मला सगळ्यात आवडते कारण शेतकऱ्याला ती पटकन समजते. ज्या राज्यात सगळे भितात त्या राज्यात राजाला खरं कोणीच सांगत नाही, म्हणजे एवढी नजर ठेवूनही राजा आंधळाच. आपल्याकडं पैसेवारी काढतात ना, जुने लोक आणेवारी म्हणतात, 50 पैशाच्या वर दाखवली की दुष्काळ नाही, खाली दाखवली की सवलती. वावरात बोंडं सडून पडली असतात आणि कागदावर पीक उभं असते, हे आपण कितीदा पाहिलं. आपण निदान मोर्चा काढतो, तहसीलसमोर ओरडतो, पेपरात येते, कधी आकडा बदलतेही. समजा हे ओरडणंच बंद असतं तर?

चीनमध्ये तसंच झालं. माओनं 1958 मध्ये मोठ्या झेपेची मोहीम काढली, खालच्या प्रत्येक अधिकाऱ्यानं भीतीपोटी आणि चढाओढीत आपल्या भागातलं धान्याचं उत्पादन फुगवून सांगितलं. वरच्यानं त्या फुगवलेल्या आकड्यावर सरकारचा हिस्सा उचलून नेला, गावात बियाणंही राहिलं नाही. पेंग देहुआई हा त्यांचा संरक्षणमंत्री, त्यानं 1959 मध्ये माओला खरी परिस्थिती पत्रातून कळवली तर त्याचंच पद गेलं, मग बाकीच्यांनी काय शिकायचं ते शिकून घेतलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत किती लोक भुकेनं मेले त्याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटीपर्यंत आहेत. पोलिसांना प्रत्येकाचं बोलणं ऐकू येत होतं, आणि पोटात अन्न नाही हे मात्र ऐकू गेलं नाही.

पोट्ट्यांचा दुसरा प्रश्न असते की एवढं पक्कं राज्य मग एका आठवड्यात कसं काय कोसळते. त्यासाठी ग्रामसभा डोळ्यांपुढं आणा. ठराव वाचला, "कोणाची हरकत?" कोणाची नाही, सर्वानुमते मंजूर. आणि बाहेर येऊन चपला घालता घालता दहातले आठ म्हणतात की ठराव फालतू होता. मग हात वर का नाही केला? कारण प्रत्येकाला वाटलं की आपल्याला एकट्यालाच पटलं नाही. तिमूर कुरान नावाचा अर्थशास्त्रज्ञ आहे, त्यानं यावरच सगळा अभ्यास केला आहे, माणूस भीतीपोटी मनातली पसंती लपवते आणि भलतीच पसंती दाखवते, सगळ्यांनी तसं केलं की खोटंच एकमत तयार होते, आणि ते भिंतीसारखं मजबूत दिसते पण आत पोकळ.

रोमानियात निकोलाय चाउशेस्कूचं राज्य असंच होतं. तिथं टाइपरायटरचीसुद्धा पोलिसात नोंद करावी लागे, त्यावर टाइप केलेला नमुना जमा करावा लागे, 1983 चा तसा हुकूमच होता, म्हणजे उद्या पत्रक सापडलं तर कोणत्या मशीनवरचं ते कळावं. 21 डिसेंबर 1989 ला त्यानं राजधानीत सभा घेतली, कारखान्यांतून माणसं आणली, हातात फलक, टाळ्या ठरलेल्या. भाषण चालू असताना मागून कुठून तरी हुर्यो सुरू झाली. टीव्हीवर थेट प्रक्षेपण चालू होतं, आणि सगळ्या देशानं त्याचा गोंधळलेला चेहरा पाहिला, मग प्रक्षेपण तोडलं पण उशीर झाला होता. त्या काही सेकंदात प्रत्येकाला एकच गोष्ट कळली की अरे, मी एकटा नाही. दुसऱ्या दिवशी तो हेलिकॉप्टरनं पळाला, 25 तारखेला त्याला गोळ्या घातल्या. याआधी कित्येक जणांनी एकट्यानं तोंड उघडलं होतं आणि ते जेलात गेले होते, हेही विसरू नका. वेळ कधी येईल हे आधी कोणालाच सांगता येत नाही, म्हणून तर भीती एवढी वर्षं टिकते.

आजच्या काळाबद्दल थोडक्यात. आता खबरे पोसायची तेवढी गरज नाही, मशीन आहे. चीनच्या शिनजियांग प्रांतात उइगुर मुस्लिम लोकांवर नजर ठेवायला जी संगणक यंत्रणा आहे तिचं पोलिसांकडचं ॲप अभ्यासकांनी उघडून पाहिलं, त्यात संशयास्पद म्हणून काय काय होतं? जास्त वीज वापरणं, शेजाऱ्यांत न मिसळणं, घराच्या पुढच्या दारानं न जाता मागच्या दारानं जाणं. आमच्याकडं हे लावलं तर मोटारपंपवाले सगळे आत, आणि मागच्या दारानं तर अख्खं गाव जाते, पुढचं दार फक्त पाहुणे आणि वसुलीवाल्यासाठी. हसू येते, पण तिथं त्या यादीवरून माणसं छावणीत गेली.

पूर्व जर्मनीचं पुढं काय झालं ते राहिलंच. 9 नोव्हेंबर 1989 ला बर्लिनची भिंत उघडली, जानेवारी 1990 मध्ये लोक श्टाझीच्या मुख्य कचेरीत घुसले, तोवर आतल्यांनी कागद फाडणं सुरू केलं होतं, फाडलेल्या तुकड्यांचीच हजारो पोती निघाली. मग कायदा झाला आणि 1992 पासून प्रत्येकाला स्वतःची फाइल पाहायची मुभा मिळाली. विचार करा, टेबलावर फाइल आहे, उघडली तर कळणार की कोणी सांगितलं. काही जणांनी मुद्दाम उघडली नाही. व्हेरा वोलेनबर्गर नावाची बाई सरकारविरोधी चळवळीत होती, तिनं फाइल पाहिली तर तिची खबर देणारा "डोनाल्ड" या टोपणनावाचा माणूस तिचा नवराच निघाला. आणि अर्थशास्त्रज्ञांनी नंतर तपासलं तर ज्या भागात खबरे जास्त होते तिथल्या लोकांचा एकमेकांवरचा विश्वास बऱ्याच वर्षांनंतरही कमी आणि कमाईही कमी. विश्वास आणि कमाईचा काय संबंध असं शहरातला माणूस विचारेल, मी कृषी केंद्रवाला नाही विचारणार. माझा अर्धा धंदा उधारीवर आहे, तोंडच्या शब्दावर. तो शब्द गेला तर जूनमध्ये अर्ध्या गावाची पेरणी होत नाही.

बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. आणीबाणी उठल्यावर ते चाळीसपेक्षा जास्त वर्षं जगले, पेन्शन घेतली, नातवंडं पाहिली, मतदान एकदाही चुकवलं नाही. पण घरात कोणी सरकारबद्दल, कोणत्याही पक्षाच्या सरकारबद्दल, जरा मोठ्यानं बोललं की ते उठत आणि रेडिओचा आवाज वाढवत. नंतर रेडिओ बिघडला तर टीव्हीचा. आम्ही चिडवायचो, बाबा आता कोण ऐकून राहिलं? ते काही बोलत नसत. रिमोट हातात घेऊन दाराकडे पाहत बसत, आणि आईला म्हणत, "बाहेर कोण आहे पाह्य बरं."